बांधलेली दांडी

माझी मावशी एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. तिने लग्न केलं नाही. आमच्याच घरात, मागच्या खोलीत राहायची. बोलणं मोजकं, चालणं ताठ, म्हणून कामावरच्या बायकांनी तिचं नाव स्टार्चताई ठेवलं होतं. तोंडावरही तशीच हाक मारायच्या. "चुरगळलेली म्हणण्यापेक्षा बरं," एवढंच मावशी म्हणायची.

धुलाईखाना तळघरात होता. एका टोकाला वॉर्डांमधून आलेले मळके गठ्ठे सोडायची खोली, मधे धुण्याची आणि पिळण्याची यंत्रं, आणि दुसऱ्या टोकाला इस्त्रीचं मोठं मशीन. त्याचे तापलेले रोलर माणूस आडवा झोपेल एवढे लांब. अलीकडून ओली चादर सरकवायची, पलीकडून ती सुकून सपाट बाहेर यायची. रोलरच्या पुढ्यात एक आडवी दांडी होती. चादर भरवणारीचा हात चुकून फार पुढे गेला तर दांडीला लागायचा आणि मशीन जागच्या जागी थांबायचं. पण एखाद्या जाड खोळीचा कोपरा लागला तरी ते तसंच थांबायचं. मग पुन्हा चालू करा, वेग येईपर्यंत वाट बघा. तोवर मागे गठ्ठे साचायचे, आणि चादरी का आल्या नाहीत म्हणून वरून फोनवर फोन.

यावर तोड काढली ती मैनाने. मैना म्हणजे मावशीची कामावरची जिवाभावाची मैत्रीण. मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून दिवसभर बोलायची, म्हणून मैना. फाटक्या चादरीची एक पट्टी घेऊन तिने ती दांडी वरच्या खिळ्याला बांधून टाकली. आता काही लागलं तरी मशीन थांबेना. काम भराभर उरकायला लागलं. तपासणीच्या दिवशी पट्टी सोडायची, एरवी बांधून ठेवायची. मुकादम त्या टोकाला फारसा फिरकायचाच नाही. मावशीने पहिल्या दिवशी म्हटलं, "मैने, हे बरं नाही." मैना म्हणाली, "अगं, आपण काय लहान पोरी आहोत हात घालायला?" त्यावर मावशी काही बोलली नाही. नंतर कधीच बोलली नाही.

मग इस्पितळाच्या स्वयंपाकघरातून एक बाई धुलाईखान्यात बदलून आली. वयाने सगळ्यांत मोठी, केस पांढरे झालेले, तरी सगळ्या तिला नवी म्हणायला लागल्या आणि तिनेही ते हसून घेतलं. एका सकाळी नवी चादर भरवत होती. कोपरा दुमडला, तो सरळ करायला तिने हात पुढे नेला, आणि चादरीबरोबर हात आत गेला.

मावशीने तिला कमरेला धरून ओढलं. मैनाने लाल बटण दाबलं. नवीचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला म्हणतात. तिला उचलून नेताना सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते. मावशीने मात्र वळून पाहिलं, तर मैना दांडीची पट्टी सोडून एप्रनच्या खिशात कोंबत होती. दोघींची नजरानजर झाली. तेवढ्यात मुकादम धावत आला. त्याने दांडी हलवून पाहिली. दांडी ठीक होती, मशीन थांबत होतं. "हिने बाजूने हात घातला असणार," तो म्हणाला. मैना म्हणाली, "असंच झालं असेल."

मावशी घरी आली ती न जेवता खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी आईने खोदून खोदून विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. माझी आई व्यवहारी.

"तू बांधलीस का दांडी?"

मावशी म्हणाली, "त्या दिवशी नाही."

"मग झालं तर. तू कशाला मधे पडतेस? नवीचा हात परत येणार आहे का? मैनाचा नवरा खाटेला खिळलेला. तिची नोकरी गेली तर ती दोघं खाणार काय? आपण गप्प बसलो तर कुणाचं काय बिघडतं?"

मावशीलाही ते पटलं होतं, किंवा पटवून घ्यायचं होतं. पण रविवारी चर्चमधल्या मिस्सेच्या प्रार्थनेनंतर ती नवीला भेटायला वॉर्डात गेली, आणि तिथे सगळं फिरलं. नवीची बोटं काढावी लागली होती. हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून उशीवर ठेवला होता. मावशीला बघून ती ओशाळल्यासारखी हसली.

"माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांना त्रास," ती म्हणाली. "मीच वेंधळी. दांडी होती ना पुढे, तरी कसा हात घातला मी? सून म्हणते, तुम्हाला आता दिसत नाही नीट, घरी बसा. खरंच असेल. मला तर आठवतं, हात सरळच गेला होता. पण सगळे म्हणतात बाजूने, तर बाजूनेच गेला असेल."

मावशीने तिला पाणी पाजलं, उशी सारखी केली आणि खाली मान घालून निघून आली. हात तर गेलाच होता. पण आता त्या बाईचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वासही काढून घेतला जात होता, आणि तो आपल्या गप्प बसण्याने जात होता, हे तिला तिथे दिसलं.

ती तशीच पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे पाप कबूल करायला, परत चर्चमध्ये गेली. पापनिवेदनात काय बोलणं झालं ते फादर कुणाला सांगू शकत नाहीत. मावशीवर तसं बंधन नव्हतं, आणि पुष्कळ वर्षांनी तिने मला ते सांगितलं.

तिने सुरुवात केली, "फादर, माझ्या मैत्रिणीने कामावर एक..."

जाळीपलीकडून फादर म्हणाले, "मैत्रिणीचं पापनिवेदन मैत्रीण करेल. तू तुझं सांग."

मावशीला रागच आला. "मी काही केलेलं नाही."

"मग आलीस कशाला?"

मावशी म्हणाली, "मी रोज बघत होते आणि बोलले नाही."

"का?"

"मैत्रीण होती म्हणून."

"एवढंच?"

"काम लवकर उरकायचं. मलाही बरं पडायचं." आणि मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली, जी तोवर तिने स्वतःलाही धड सांगितली नव्हती.

फादर म्हणाले, "मिस्सेच्या सुरुवातीला आपण रोज कबूल करतो, जे करायला हवं होतं आणि केलं नाही त्याबद्दलही. आपण ते घाईघाईत म्हणून टाकतो. देव तुला क्षमा करतो. पण देवाने क्षमा केली म्हणून त्या बाईच्या डोक्यावरचा आळ आपोआप उतरत नाही. तो उतरवणं तुझं काम."

"मैत्रिणीचा संसार मोडेल, फादर."

"मोडू शकतो. मोडला तर सावरायला तू उभी राहा. पण तिचं भलं व्हावं म्हणून तिसरीला दोषी ठरवणं हे चांगलं काम होत नाही, हेतू कितीही चांगला असो."

"माझ्यात तेवढं धैर्य नाही."

"कुणातच आधीपासून नसतं. हाताला कामाची सवय लागते ना, तशी मनाला लागते. पहिल्यांदा जड जाईल. आणि ऐक, आधी मैत्रिणीकडे जा. एकटी जा. तिला चार लोकांत अचानक गाठू नकोस."

मावशी तिथून सरळ मैनाकडे गेली. मैनाचं घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत नवऱ्याची खाट. मैनाने तिला आतल्या खोलीत नेऊन दार लोटलं.

"मी चौकशीत खरं सांगणार आहे," मावशी म्हणाली. "माझ्याआधी तू सांग. तुझ्या तोंडून गेलं तर वेगळं दिसेल. मी तुझ्या शेजारी उभी राहते."

मैनाचा चेहरा उतरला. "बाहेर कोण पडलंय ते बघितलंस ना येताना?"

"बघितलं."

"तरी सांगणार?"

"सांगणार."

"एवढ्या वर्षांची मैत्री. तू आजारी होतीस तेव्हा तुझं काम मी ओढलं. ते सगळं पाण्यात?"

"ते मी विसरले नाही. म्हणूनच आधी इथे आले."

मैना खूप बोलली. आधी विनवलं, मग चिडली, मग नुसती रडली. मावशी ऐकत राहिली, पण शब्द फिरवला नाही. निघताना मैनाने तिच्याकडे पाठ केली होती.

चौकशी व्यवस्थापक मॅडमच्या खोलीत झाली. मुकादम, मैना, मावशी आणि मशीनवरच्या आणखी दोघी. मुकादमाने आपलं म्हणणं मांडलं. मॅडमने मैनाकडे पाहिलं. मैनाची मान खाली. मावशी वाट बघत राहिली, अगदी शेवटपर्यंत. मैना म्हणाली, "बाजूनेच घातला हात."

तेव्हा मावशी उभी राहिली. "दांडी बांधलेली होती. रोज बांधलेली असायची. नवीचा हात सरळ गेला."

"ही खोटं बोलते," मैना म्हणाली. बाकीच्या दोघी भिंतीकडे बघत बसल्या.

मुकादम म्हणाला, "मी तर कधी बांधलेली बघितली नाही."

"तुम्ही बघितली नाही, कारण तुम्ही तिकडे यायचं टाळलंत," मावशी म्हणाली. "मी बघितली आणि बोलायचं टाळलं. दोघांनीही टाळलंच." मग ती मॅडमना म्हणाली, "खाली चला. दाखवते."

सगळे तळघरात गेले. मावशीने फाटक्या कपड्यांच्या ढिगातून एक पट्टी घेतली, दांडीला एक वेढा, खिळ्याला दोन वेढे, आणि न बघता गाठ मारली. मशीन चालू केलं, काठीने दांडी ढोसली. रोलर फिरत राहिले.

मॅडमने विचारलं, "तुमचा हात फार सरावलेला दिसतो?"

"हो," मावशी म्हणाली. "मैना रजेवर असायची तेव्हा मीच बांधायचे."

हे तिने आईलाही सांगितलं नव्हतं. विचारलं नसतं तर तिथेही लपवता आलं असतं. विचारल्यावरही सांगायलाच हवं असं नव्हतं. सरावल्यासारखा हात कुणाचाही असू शकतो. पण दुसरीचा दोष पूर्ण सांगायचा आणि स्वतःचा अर्धा, हे तिला जमणार नव्हतं.

मैना तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी मी बांधली होती."

नवीवरचा आळ गेला. तिला बरं झाल्यावर वॉर्डांना चादरी वाटायच्या खिडकीवर बसवलं. दांडीही बदलली, आता ती बांधून ठेवली तर मशीन सुरूच होत नाही. मैनाची नोकरी गेली. मावशीला मळके गठ्ठे सोडायच्या खोलीत टाकलं, जिथे रक्ताने, उलटीने भरलेले कपडे येतात आणि जिथे कुणी आपणहून जात नाही. मुकादम मात्र जिथल्या तिथे राहिला. ते मावशीला लागलं, पण ती म्हणायची, "त्याचं तो बघेल." बायकांनी जेवणाच्या सुट्टीत तिला वाळीत टाकलं. ती एकटीच डबा खायची आणि वेळेवर कामाला लागायची.

आणि रविवारी, मिस्सा झाली की मैनाच्या दारात. पहिल्यांदा मैनाने दार उघडून पुन्हा लावून घेतलं. पुढच्या रविवारी तेच. आई म्हणायची, "लाज कशी वाटत नाही तुला?" मावशी म्हणायची, "वाटते. तरी जायला हवं." शेवटी खाटेवरूनच नवऱ्याने आवाज दिला, "अगं घे तिला आत. तुझंच तोंड बघून मी कंटाळलोय."

मैना आतल्या खोलीत निघून गेली आणि मावशी आत आली. तिने त्या माणसाला कुशीवर वळवलं, त्याच्या खालची चादर त्याला न उठवता बदलली, पाठीला पावडर लावली. त्यानंतर दर रविवारी. मैना तिच्याशी बोलायची नाही. पुढे पुढे दुसऱ्या बाजूने चादरीचं टोक धरायला लागली, तेही मुकाट्याने. मैनाला बरेच महिन्यांनी एका शाळेत साफसफाईचं काम मिळालं. ते कुणी सुचवलं हे ती विचारत नसे आणि मावशी सांगत नसे.

एका रविवारी मैना म्हणाली, "तू माझ्याशी बरोबर वागलीस असं मी म्हणणार नाही."

"म्हणू नकोस."

"पण स्वतःलाही सोडलं नाहीस." मग थोड्या वेळाने, "नवी कशी आहे?"

"विचार की तिलाच."

"तिच्यासमोर कशी जाऊ?"

"पायांनी. मी येते बरोबर."

नवरा गेल्यानंतर, दुखवट्याचे दिवस सरल्यावर, त्या दोघी नवीच्या घरी गेल्या. नवीने दार उघडलं. मैना, जिचं तोंड कधी मिटत नसे, तिला शब्द सापडेना. मावशीने मदत केली नाही. ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. शेवटी मैना म्हणाली, "पट्टी मी बांधली होती. मग सोडून लपवली. आणि दोष तुमच्यावर ढकलला."

नवीने ऐकून घेतलं. तिने मैनाला आत बोलावलं नाही, दारही लावलं नाही. म्हणाली, "हातापेक्षा ते लपवलंत ते जास्त लागलं मला. वेड लागायची वेळ आली होती. आज मी तुम्हाला काही म्हणू शकत नाही. नंतर या."

जिना उतरताना मैनाने विचारलं, "नंतरही काही म्हणाली नाही तर?"

"तर पुन्हा येऊ," मावशी म्हणाली.

त्या पुन्हा गेल्या, आणि आणखी एकदा गेल्या. त्या खेपेला नवीने दोघींना आत घेतलं, एका हाताने चहाचं पातेलं गॅसवर चढवलं, आणि मैना उठायला लागली तर म्हणाली, "बसा. येतं मला."