कोळणीसमोरचं माझं भाषण

मेंदूच्या आजारांवरच्या संशोधनासाठी देणगीचा डबा घेऊन मी ठाण्याच्या मासळीबाजारात शिरलो, तेही भाषण पाठ करून. एका कोळणीसमोर जरा जास्तच रंगात आलो.

"मावशी, तुम्ही दिलंत की पेशंट बरे होतील!"

तिची सुरी सुरमईत अर्ध्यावर थांबली.

"माज्या पोऱ्याच्या डोक्याला मार लागलाय. मला वलखत नाय. बरा होईल?"

मी पुढे केलेला डबा मागे घेतला. तिची नजर हलेना.

"त्याला नाही, मावशी. उपयोग झालाच तर पुढच्या कुणाला तरी."

तिने तुकडा पुरा कापला, हात पदराला पुसले, डब्यात नोट सारली.

"मंग तसंच सांग. खोटं बोलायला मी हाय ना घरी. 'उद्या बरा होशील', रोज सांगतंय त्याला."

पुढच्या गाळ्यावर माझं भाषण दोनच वाक्यांचं झालं, तेही अडखळत.