शेवटचा भाव

माझ्या बायकोच्या मामांनी सांगितलेल्या भावाला आयुष्यात काहीही विकत घेतलेलं नाही. दादरच्या मंडईत मेथीची जुडी हातात घेऊन ते "शेवटचा भाव सांग" म्हणतात, जुडी ठेवतात आणि दोन पावलं पुढे जातात. भाजीवाली मागून हाक मारते. या हाकेवर मामांची देवापेक्षा जास्त श्रद्धा. माझं दुर्दैव असं, की विमानाची तिकिटं विकणाऱ्या एका वेबसाइटच्या परळच्या ऑफिसात मी नोकरी करतो, आणि मामांनी हीच विद्या तिकिटांवर चालवली.

आधी मला फोन करून भाव विचारायचा, मग सर्च इंजिनवर ताडून बघायचा. हल्ली ते सर्च इंजिनच सगळे भाव ओळीने मांडतं आणि गिऱ्हाइकाला थेट विमान कंपनीच्या दारात नेऊन सोडतं. आमच्या ऑफिसात त्यावर मीटिंगा होतात, माणसं कमी होतात, आणि मामा खुशीत सांगतात, "जावईबापू, पत्ता सांगणाऱ्यानेच दुकान टाकलंय. तुमचं काही खरं नाही." बरं, त्या दुकानातून तरी घ्यावं? छे. तिथे ते मराठीत लिहितात, "नागपूर, शेवटचा भाव सांगा." मग फोन बंद करून शिवाजी पार्काला एक फेरी मारतात. परत येईपर्यंत भाव चढलेला. "माझा फोन ओळखतो तो दुकानदार," म्हणत रविवारी आमच्याकडे जेवायला आले की माझा फोन मागतात. माझ्याच फोनवरून माझ्याच पोटावर पाय.

नागपूरला त्यांची थोरली बहीण, आक्का, आजारी होत्या. रेल्वेचा प्रवास मामांच्या कमरेला झेपत नाही. मी कितीदा म्हटलं, तिकीट काढून टाकतो.

"थांबा हो. हाक येईल."

"मामा, विमान कंपनी म्हणजे भाजीवाली नाही. ती मागून हाक मारत नसते."

मला त्यांचा खरोखर राग आला होता.

गेल्या महिन्यात हाक आली. फोन आक्कांचाच होता. "बाळ्या, येतोस का रे?" एवढंच त्या म्हणाल्या. मामा घरच्या सपाता घालूनच माझ्या ऑफिसात आले.

"उद्याचं काढा."

भाव इतका चढला होता, की सांगताना मलाच लाज वाटली. सांगितला आणि थांबलो. मामांनी घासाघीस करावी, रागाने उठून दाराकडे दोन पावलं जावं, असं मला पहिल्यांदाच वाटत होतं. मी हाक मारणार होतो. मामा खुर्चीवरून हलले नाहीत.