बंद कप्प्यातली खडीसाखर

मी एका दैनिकात उपसंपादक आहे. वार्ताहरांच्या कॉपीतला 'चमत्कार' हा शब्द कापणं हे माझं जवळजवळ रोजचं काम. कुठे मूर्तीने दूध प्यायलं, कुठे झाडातून पाणी आलं... अशा बातम्या मी 'पडताळणी करावी' असा शेरा मारून परत पाठवते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण गेल्या मे महिन्यात अंबडला भाड्याने घेतलेल्या गाडीत जे घडलं, त्याची पडताळणी मला स्वतःलाच करता आलेली नाही. म्हणून घडलं तसं लिहिते.

आईला जांब समर्थला रामाच्या दर्शनाला जायचं होतं. येताना अंबडच्या देवीलाही जायचं, असा तिचा बेत. आई मूळची वाटूरची, आता माझ्याकडे संभाजीनगरला असते. सकाळी एसटीने आम्ही अंबडला उतरलो. पुढच्या बसची खात्री नव्हती, तेव्हा ओळखीतून एक पत्ता मिळाला. बाजारात भांड्यांचं दुकान असलेले शांतिलालजी देवदर्शनाला येणाऱ्यांना आपली जुनी पांढरी गाडी भाड्याने देतात. मूळ राजस्थानचं घराणं, पण पिढ्यान्पिढ्या इथलंच. त्यांचा ड्रायव्हर लग्नाला गेलेला होता. गाडी मीच चालवणार म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

"ताई, चालवता येते ना बराबर?"

"माझ्यापरीस बरी चालवते," आई म्हणाली. "मला तर येतच न्हाई."

ते हसले आणि चावी दिली. मग गाडीच्या खोडी सांगितल्या. मागची एक काच खाली होत नाही. एसीला थंड व्हायला वेळ लागतो. आणि डाव्या बाजूचा, डॅशबोर्डमधला कप्पा उघडत नाही. "त्याच्या नादी लागू नका. चावी हरवली. बाबूजी गेले तवापासून बंदच हाय." बाबूजी म्हणजे त्यांचे वडील, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. निघण्याआधी मी तो कप्पा सहज ओढून पाहिला होता. हलला नाही.

आई मागच्या सीटवर पाय लांब करून बसली. घनसावंगी मागे पडलं तेव्हा ती म्हणाली, "मी जरा डोळा लावते, तू गाडीवर ध्यान दे." ऊन भयंकर होतं. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली रानं आणि मधूनच मोसंबीची बाग. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

थोड्या वेळाने तो कप्पा उघडला. झाकण आपोआप खाली आलं. खड्ड्याने उघडला असेल, असं मला वाटलं. मी डाव्या हाताने लावला. खट् आवाज झाला, नीट बसला. काही अंतरावर तो पुन्हा उघडला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उघडला तेव्हा रस्ता नुकताच डांबरी केलेला, गुळगुळीत होता, हे मला पक्कं आठवतं. मी वैतागले. झाकणात कागदाची घडी खोचून टाकावी म्हणून एका लिंबाखाली गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

इंजिन बंद झालं म्हणूनच आईचं पुटपुटणं ऐकू आलं.

"शकू, आडाकडं जाऊ नको..." शकू म्हणजे आईची धाकटी बहीण. ती लहानपणीच वारली.

मी वळून पाहिलं आणि उतरून मागच्या दारातून तिच्याजवळ गेले. आईचं पोलकं घामाने चिंब झालं होतं, हात बर्फासारखे गार, बोटं थरथरत होती. डोळे उघडे होते, पण ती मला ओळखत नव्हती. आरोग्य पुरवणीचं पान मी अनेकदा लावलं आहे, त्यामुळे शुगर उतरली आहे हे समजायला वेळ लागला नाही. तिच्या पिशवीत नारळ, हळदकुंकू, उदबत्ती आणि तिच्या शुगरच्या गोळ्यांची पाकिटं होती. गोड काही नाही. आसपास दुकान नाही, घर नाही. मोबाइलला रेंज नाही.

उघड्या कप्प्यात दोऱ्याने बांधलेली कागदाची एक पुडी होती. खडीसाखरेची.

पाण्याचा घोट घशात अडकेल या भीतीने मी खडे फोडून चुरा केला आणि ओल्या बोटाने तिच्या गालाच्या आत, हिरड्यांवर चोळत राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मी तिचं नाव घेत होते, 'आई' नाही, नाव. शेवटी तिने माझं मनगट धरलं.

"काय घातलंस तोंडात?"

"साखर. सकाळी काही खाल्लं होतंस का?"

"दर्शनाच्या आधी कसं खाईन? गोळी मात्र बराबर घेतली. डॉक्टरनंच सांगितलंय, चुकवायची न्हाई." मग नाराजीने म्हणाली, "मोडला ना उपास."

मी पुढे येऊन स्टीअरिंगवर डोकं ठेवून रडले.

कप्पा लावला आणि गाडी वळवून घनसावंगीला दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तपासलं, सलाइन लावलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, झोपली आहे असं समजून तुम्ही तशाच पुढे गेला असता, तर कदाचित उठल्या नसत्या.

संध्याकाळी चावी परत करताना मी शांतिलालजींना सांगितलं की कप्पा उघडतो. त्यांनी ओढून पाहिला. नाही. दुकानातून स्क्रू ड्रायव्हर आणून फटीत घातला. तरी नाही. माझी थट्टा करण्याच्या बेतात होते, तेवढ्यात मी पर्समधून उरलेली पुडी काढून दिली. त्यांनी तिचा दोरा बोटांनी चाचपला.

"बाबूजींना शुगर होती," ते म्हणाले. "ही गाठ त्यांचीच."

पुडीला मुंगी लागलेली नव्हती. इतके पावसाळे जाऊनही साखरेला ओल नव्हती. त्यांनी एक खडा स्वतःच्या तोंडात टाकला, पुडी पुन्हा तशीच बांधली आणि आईच्या हातात दिली. आईने ती दोन्ही हातांनी घेतली.

उष्णतेने प्लॅस्टिक सैल होतं. जुनी कुलपं हादऱ्याने सुटतात. घट्ट बंद जागेत साखर टिकते. हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं आहे. मग तो कप्पा नेमका त्याच रस्त्यावर का उघडला, मी थांबेपर्यंत का उघडत राहिला आणि त्यानंतर का नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. शोधायची घाईही आता राहिलेली नाही. आई शेजारच्या खोलीत आहे, टीव्हीचा आवाज मोठा करून बसली आहे. मला तेवढं पुरतं.

जांबचं दर्शन आम्ही दिवाळीनंतर केलं, त्याच गाडीने. आईने शांतिलालजींसाठी नवी खडीसाखर नेली होती, कप्प्यात ठेवायला. कप्पा उघडला नाही. शेवटी त्यांनी पुडी वर, डॅशबोर्डवरच्या गणपतीशेजारी ठेवली.

"राहू द्या तिथंच," आई त्यांना म्हणाली. "आत न्यायची तवा बाबूजी नेतील."

आणि निघण्याआधी, दर्शन व्हायचं असतानाच, तिने आपल्या जुन्या पुडीतला एक खडा तोंडात टाकला.