साहेब आणि ठिबकता नळ

ठिबकता नळ दिसला की आमच्या सासऱ्यांना घास गिळवत नसे. पुण्यात महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात त्यांची उभी हयात गळत्या बंद करण्यात गेली. अख्खी पेठ त्यांना साहेब म्हणायची, म्हणून आम्हीही साहेबच म्हणायचो. सासूबाई गेल्यावर मृणालने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यांना इथे ऑस्ट्रेलियात, टूवूंबाला आणलं. त्यांनी आता इथेच राहावं असं तिच्या फार मनात होतं. साहेबांचं उत्तर ठरलेलं, "इथे मला काम काय?" आणि खरंच नव्हतं. गाडीशिवाय इथे साधं दूध आणता येत नाही. आमच्या सईशी मराठीत बोलायला जावं, तर ती "नो वरीज, आजोबा" म्हणून पसार.

हिवाळा आला. आमचं घर खांबांवर, पाण्याचा पाइप खाली उघड्यावर. शेजारच्या केव्हिनने बजावलं, "फ्रॉस्ट पडणार, मेट. मागचा नळ रात्रभर ठिबकत ठेव, पाइप गोठणार नाही." मी ठेवला. सकाळी घरात पाण्याचा टिपूस नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मृणाल बिनआंघोळीची हॉस्पिटलला शिफ्टला गेली. साहेब शाल गुंडाळून सगळ्या कौन्सिलची, म्हणजे इथल्या महापालिकेची, हजेरी घेत होते. "प्रेशरच नाही. एक धड ज्युनियर इंजिनिअर ठेवता येत नाही यांना?"

मग पाइप फुटला. प्लंबर आला, मागच्या नळाशी झटला आणि म्हणाला, हा कोणी पान्याने आवळलाय? आमच्या घरात पाना चालवणारा माणूस एकच.

"चोवीस तास पाणी येतं म्हणून काय सांडायचं?" साहेब म्हणाले. मग आवाज उतरला. "माझं तिकीट काढा. नुसता नडतोय मी इथे."

दुरुस्ती झाल्यावर मृणालने नळ ठिबकता केला आणि खाली बादली ठेवली. "बाबा, रोज सकाळी हे पाणी मागच्या लिंबाच्या झाडाला घालायचं. हे खातं तुमच्याकडे." साहेबांनी बादली जराशी सरकवली, थेंब बरोबर मधोमध पडेल अशी. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर दर हिवाळ्यात ते सकाळी कानटोपी घालून आत येत आणि धरणाचा साठा जाहीर करावा तसं सांगत, "आज पाऊण बादली." केव्हिनलाही त्यांनी बादली ठेवायला लावलीच.

मागच्या उन्हाळ्यात साहेब गेले. यंदाच्या हिवाळ्यातही नळ रात्रभर ठिबकतो, पाइप बिनघोर आहे, आणि मला त्यांची फार आठवण येते. लिंबाला पाणी सई घालते. एरवी इंग्रजीशिवाय तोंड न उघडणारी ही पोर रोज सकाळी आत येते आणि मृणालला सांगते, "आज पाऊण बादली."