तात्यांच्या मिशीचे नोड

“अगो, नाक खंय चल्लां? मिशी हलय, मिशी!”

बाबलदादा माझ्या खुर्चीमागून ओरडले. मॉनिटरवर त्यांच्या वडिलांचं नाक गालाकडे सरकलं होतं. मी लगेच ‘अनडू’ करून ते मागे घेतलं. नाक जागेवर आलं. मिशीही पुन्हा खाली आली.

“आता परत वर घे तिका,” बाबलदादा म्हणाले.

मी तेव्हा मालवणच्या बाजारात एका रेडियमच्या दुकानात ऑपरेटर होते. रेडियम म्हणजे गाड्यांवर, होड्यांवर नावं आणि चित्रं लावतात ते रंगीत चिकट प्लास्टिक. ते कापायचं मशीन असतं. मशीनला फोटो समजत नाही, त्याला रेघ लागते. पातं त्या रेघेवरून फिरतं आणि आकार कापून निघतो. म्हणून आधी फोटोवरून कॉम्प्युटरवर रेघांचं चित्र काढायचं.

त्या रेघेवर जागोजागी बारीक ठिपके असतात. त्यांना नोड म्हणतात. ठिपका ओढला की रेघ त्याच्यामागून येते. नुसतं मिशीचं टोक हलवायचं तर माउसने त्या टोकाभोवती चौकोन ओढायचा. चौकोनात सापडले तेवढेच नोड हलतात, बाकीचे जागेवर राहतात. आमची पंचाईत अशी की तात्यांच्या, म्हणजे बाबलदादांच्या वडिलांच्या, नाकाची सावली आणि मिशी एकाच आकारात आली होती. चौकोन जरा मोठा झाला की मिशीबरोबर नाकही निघायचं.

तात्या आदल्या वर्षी गेले. जन्मभर मासेमारी केलेला माणूस. बाबल आणि सुदेश या दोन मुलांनी मिळून नवी होडी बांधली. केबिनच्या दोन्ही बाजूंना वडिलांचा चेहरा हवा, असं ठरलं. इथपर्यंत दोघांचं एकमत होतं. घरात फोटो मात्र एकच. तोही होडीवर, उन्हात काढलेला. मिशीच्या जागी नुसता काळा डाग. तिची टोकं कुठे जातात ते देवालाच ठाऊक. त्यामुळे मिशी आठवणीवरून काढायची होती.

बाबल थोरले. त्यांना आठवत होती पीळ दिलेली, वर वळलेली मिशी. त्यांनी बसून तशी करून घेतली आणि खूश होऊन गेले. मग सुदेश आला. तो बराच धाकटा.

“ह्यो कोण? ह्यो तात्या नाय. नाटकातलो कोतवाल वाटता.”

“बाबलदादांनी सांगितली तशी केली.”

“तेका काय म्हायत? तात्याची मिशी खाली होती. चाय पिताना कपात बुडायची.”

मी मिशी खाली घेतली. मग बाबल आले, वर गेली. सुदेश आला, खाली आली. फाईल उघडली की आज तात्यांचा मूड कसा आहे ते आधी बघावं लागे. एकदा चुकून एकच बाजू वर राहिली आणि पानाच्या दुकानातून आलेलं एक गिऱ्हाईक म्हणालं, “ह्यांका वारो लागलो की काय?”

मग गंमत संपली. दोघा भावांनी बोलणं बंद केलं. होडी पाण्यात ढकलायचा दिवस जवळ आला होता, भटजींना सांगून झालं होतं. सुदेश दुकानात येऊन म्हणाला, “तसली मिशी होडयेर गेली तर मी होडयेर पाय ठेवचंय नाय.” त्याच्याशिवाय इंजिन सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं. नुसती सजवलेली केबिन घेऊन बाबलदादा एकटे काय करणार होते?

आमच्या मालकांना, आनाशेठना, तोडगा सुचला. “लवीना, होडयेक बाजू किती? दोन. एकीकडे वर, एकीकडे खाली. दोन्ही काप.”

“शेठ, माणूस एकच आहे.”

“बघणारो एका वेळी एकच बाजू बघतलो.”

आश्चर्य म्हणजे दोघेही कबूल झाले. मी दोन फाईली तयार केल्या. कापायच्या आधी आईला दाखवून घेऊ, असं बाबलदादांना वाटलं. सुदेश तिला घेऊन आला.

त्यांची आई, आमच्या काकी, खुर्चीत बसल्या. मी आधी वरची मिशी दाखवली, मग खालची.

“काढून टाक ती,” त्या म्हणाल्या.

“कुठली, काकी?”

“दोनय.”

मुलगे एकदम बोलायला लागले. काकींनी हात वर केला.

“माझां लगीन झालां तेवा तेंका मिशी नव्हती. तांडेल झाले आणि खलाशी आयकनत नाय म्हणान ठेवल्यांनी. मी किती वेळा सांगलंय, काढा. काढल्यांनी नाय. आता तरी काढूया.”

तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. त्याच्यापुढे कोणी बोलत नाही. त्या घरात तांडेल काकीच निघाल्या.

मी मिशीचे नोड सिलेक्ट करून डिलीट केले. सॉफ्टवेअरने उरलेले ठिपके आपल्या मनाने जोडले आणि नाकाची थेट सोंड झाली. काकी पदर तोंडाला लावून हसल्या. मी नाक नीट केलं. पण मिशीखाली ओठ कुठे होता? फोटोत नव्हता. मुलांनी तो कधी पाहिलाच नव्हता.

काकींनी मॉनिटरच्या काचेवर बोट ठेवलं. “हयसून. पातळ. ह्या कोपऱ्यात वायच वर.” त्यांचं बोट सरकेल तसा मी नोड सरकवत गेले. एका जागी त्यांनी बोट उचललं नाही. मीही माउस सोडला.

“ह्योच,” त्या म्हणाल्या.

मी मुलांकडे पाहिलं. दोघांपैकी एकाकडेही भांडायला काही शिल्लक नव्हतं. हा माणूस त्यांच्या ओळखीचाच नव्हता. बाबलदादा डोळे पुसत बाहेर गेले. सुदेश त्यांच्यामागून गेला.

होडी ठरल्या दिवशी पाण्यात गेली, दोन्ही बाजूंना तोच बिनमिशीचा चेहरा घेऊन. किनाऱ्यावर सगळे विचारत होते, हा कोण? तेवढ्यात वेंगुर्ल्याहून काकींचे भाऊ आले. जन्मभर गुळगुळीत दाढी केलेले. त्यांनी केबिनकडे पाहिलं आणि त्यांना गहिवरून आलं.

“भाच्यांनी माझो फोटो लावलो! बापाशीक सोडून माझो!”

ते नारळ घेऊन पुढे झाले, केबिनला टेकून उभे राहिले आणि फोटो काढून घेतला. खरं सांगायचं धाडस कोणालाच झालं नाही. काकींनाही नाही. मामांच्या तीन गावांतल्या नातेवाईकांत ती होडी आजही मामाची होडी म्हणून ओळखली जाते.

तेव्हापासून मी काम घेताना आधी एकच विचारते: घरात प्रूफ, म्हणजे कापायच्या आधीचं चित्र, कोण पास करणार? आणि ते माणूस समोर येऊन बसल्याशिवाय एकाही नोडला हात लावत नाही.