फेसबुकवरचे व्याही

हडको वसाहतीतले काकासाहेब एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी फेसबुकवर रुजू झाले. सकाळची पूजा उरकली की अंगणात खुर्ची टाकायची, चष्मा पुसायचा आणि देशातल्या अन्यायाचा समाचार घ्यायला बसायचं. खताचे भाव, कांद्याची निर्यातबंदी, कंपन्यांमधली ठेकेदारी, काही म्हणून सुटायचं नाही. टाईप करायचे एकाच बोटानं, पण त्या बोटाला धार होती.

आणि त्यांचं हक्काचं गिऱ्हाईक कोण, तर त्यांचेच व्याही, शेंद्र्याचे नानासाहेब. नानासाहेबांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, मोबदला दणकून मिळाला, तेव्हापासून त्यांना देशाची प्रगती ओसरीवर बसल्या बसल्या दिसायची. काकासाहेब लिहायचे, एकाच मशीनवर दोघं राबतात, मग ठेक्यावरच्याला निम्मा पगार का? व्याही लिहायचे, कंपन्या आल्या म्हणून घराघरात हाताला काम आलं, रडगाणं बंद करा. त्यावर काकासाहेब, ‘आदरणीय नानासाहेब, आपलं म्हणणं धादांत खोटं आहे.’ खाली शंभर-सव्वाशे रिकामटेकडे मजा बघायला जमायचे.

समोरासमोर मात्र दोघंही साखर. लग्नकार्यात एकमेकांना टॉवेल-टोपी, गळाभेट, ‘तब्येत कशी म्हणता’ वगैरे सगळं यथासांग. आदल्या दिवशी ज्याला ‘भांडवलदारांचा भोंगा’ म्हटलं त्यालाच जेवताना आग्रहानं जिलेबी वाढायची. फेसबुकवरचं तिथंच ठेवायचं, हा न बोलता झालेला करार होता.

तर झालं असं, काकासाहेबांच्या मुलीला, म्हणजे नानासाहेबांच्या सुनेला, शेंद्र्यातल्याच एका कंपनीत नोकरी लागली. तनुजा डिप्लोमा झालेली, हुशार पोर. मालाच्या तपासणीचं काम, तेही कायम. सोमवारी हजर व्हायचं होतं. नवरा सुदर्शन राजी होता, पण बापापुढं त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. आणि नानासाहेबांनी तर सांगूनच टाकलं, घरात काही कमी नसताना सून कंपनीच्या बसमध्ये चढलेली गावाला दिसायला नको.

शनिवारी सकाळी तनुजाचा फोन आला. सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

“आबा, कांद्यासाठी तुमी मामांशी चार दिवस भांडले. माझ्यासाठी काय नाय बोलणार?”

काकासाहेबांना ते फार लागलं. आता लागलं की माणूस काय करतो? ज्याची सवय तेच करतो. त्यांनी मोबाईल उघडला आणि लिहिलं, ‘आदरणीय नानासाहेब, कंपन्यांनी घराघरात काम दिलं म्हणता, मग स्वतःच्या सुनेची नोकरी का अडवली?’ लिहून झाल्यावर ते स्वतःच खूश झाले. तीनशे लाईक कुठं जात नव्हते. बायकोला, सुरेखाबाईंना, हाक मारून त्यांनी कमेंट मोठ्यानं वाचून दाखवली.

“तुमी जिंकताल,” त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या. “पोरगी मंग कुठं राहील?”

काकासाहेबांनी अक्षर न् अक्षर पुसलं आणि शेंद्र्याला जायला जालना रोडची गाडी धरली.

व्याह्यांनी दारातच गळाभेट घेतली. चिवडा आला, पंखा वाढवला गेला, गुडघ्यांची चौकशी झाली. काकासाहेब मुद्द्यावर येईनात. गच्च भरलेल्या गाडीतून दारुड्यांना उतरवणारा हा माणूस, पण मुलीचा बाप म्हणून त्या सोफ्यावर बसला की आवाज खालीच जायचा. चिवडा संपला, पाऊस-पाणी बोलून संपलं. अजून दोन मिनिटं गेली असती तर ते ‘येतो’ म्हणून उठले असते, आणि मग जन्मभर स्वतःला शिव्या देत बसले असते.

“नानासाहेब, एक मागणं हाय. तनुजाला सोमवारपासनं कामाला जाऊ द्या. मी तिला त्याच्यासाठीच शिकवलं.”

नानासाहेब दोनदा खाकरले. वाद घालायची त्यांना मोठी हौस, पण समोर व्याही बसलेला, त्यांच्याच घरात, त्यांचाच चिवडा खाऊन.

“हेच तुमी फेसबुकवर लिव्हलं असतं, तर मी सतरा कारणं दिली असती,” ते कुरकुरत म्हणाले. “घरी आलेल्या इवायाला तोंडावर नाय कसं म्हणू?”

काकासाहेबांना आनंद झाला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. इतकी वर्षं जग सुधारायला काढली आणि एवढं एक वाक्य बोलायला शेंद्र्याला यायचं राहून गेलं होतं.

तनुजा चहा घेऊन बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ट्रे ठेवला, पण रोजच्यासारखी आत वळली नाही. वडलांकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. समोरची खुर्ची ओढून ती सासऱ्यांपुढं बसली.

“बस पावणेसातला येती, मामा,” ती म्हणाली. “वेशीवर थांबती. मी समद्यांदेखत चढणार हाय.”