बाबूअण्णांच्या घरचा कट्टा

हुबळीत स्वयंपाकघराचा ग्रॅनाइट कट्टा बसवायचा म्हटलं की लोक बाबूअण्णांना बोलावतात. माणूस कामाला चोख, पण तोंड? अरे देवा! कटर सुरू करायच्या आधी प्रवचन झालंच पाहिजे. "डायमंड ब्लेड आहे हे, कुऱ्हाड नव्हं. दाबायचं नाही. आधी वरच्यावर रेघ मारायची, मग हळूहळू खोल जायचं. पाणी थांबलं की हात थांबला पाहिजे. कापायचं काम ब्लेडचं, आपण नुसतं सरळ धरायचं." बायका चहा ठेवायला आत निघून जायच्या, तरी ह्यांचं चालूच.

आणि स्वतःच्या घरी काय? बायको भारती डुगडुगत्या टेबलावर शेगडी ठेवून स्वयंपाक करायची. कट्ट्याचं नाव काढलं की ह्यांचं एकच, "दसरा होऊ दे." कुठला दसरा, ते कधी सांगितलं नाही. शेवटी केशवापूरच्या शालिनीबाईंनी, अण्णांनी त्यांचा कट्टा बसवल्यावर उरलेली काळी फरशी भारतीसाठी म्हणून देऊन टाकली. तसली दुसरी बाजारात मिळत नव्हती. ती अंगणात आली तशी भारती रोज पुसायची, जणू घरात पाहुणीच आली आहे.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुहूर्त लागला. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली होती. भारतीनं ब्लेड धुऊन एका बाजूला झकास हळदकुंकू लावलं होतं. बाबूअण्णांनी कुंकवाची बाजू बाहेर दिसेल असं ते मशीनला बसवलं, नमस्कार केला आणि शेजारच्या जयलक्ष्मीअक्कांसमोर प्रवचन सुरू केलं. भारती तांब्यानं पाणी सोडत होती.

ब्लेड फिरलं, किंचाळलं, पण फरशीवर नुसता ओरखडा! बाबूअण्णा म्हणाले, "दगड कडक आहे." मग म्हणाले, "करंट कमी आहे." मग भारतीवर घसरले, "पाणी नीट सोड की गं!"

"अय्यो, मशीन थांबवून बघा की ओ एकदा," अक्का म्हणाल्या.

थांबतायत कसले! बघणाऱ्यांसमोर इज्जतीचा प्रश्न होता. अण्णांनी दात खाल्ले आणि जन्मभर लोकांना जे करू नका म्हणून सांगितलं तेच केलं. अंगाचा सगळा भार टाकून दाबलं. जळका वास सुटला, कट्‌ असा आवाज आला आणि फरशीचा हातभर कोपरा तुटून खाली पडला.

आता मशीन थांबलं. अण्णांनी ब्लेड काढून उलटं केलं. कुठल्या दिशेनं फिरवायचं तो बाण आतल्या बाजूला! कोऱ्या बाजूला कुंकू लावलेलं, आणि भक्तीच्या भरात ह्यांनी ब्लेडच उलटं बसवलेलं.

"कुंकू कुणी लावलं?" अण्णांनी एक क्षीण प्रयत्न करून पाहिला.

"मी लावलं. बसवलं कुणी?" भारतीनं तांब्या खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. "शालिनीबाईंच्या घरी ब्लेड कापेना झालं असतं, तर असंच दाबलं असतं तुम्ही? तिथं दहादा बघून हात लावता. इथं काय, बायकोचंच घर."

अक्का हळूच कुंपणापलीकडं गेल्या. बाबूअण्णा तुटलेल्या कोपऱ्याशेजारी उकिडवे बसले. त्यांना खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग ते उठले. बाण बघून ब्लेड सुलट बसवलं, जुन्या विटेवर दोनतीनदा चालवून त्याची बुजलेली धार मोकळी केली. उरलेली फरशी मापली. शेगडीपुरता कट्टा होत होता. बाजूला भांडी घासायच्या मोरीसाठी मात्र दगड उरत नव्हता.

"कट्टा लहान होईल," ते खाली बघून म्हणाले.

"होऊ दे."

त्यांनी खिशातून टेप काढला. "भिंतीला टेकून उभी रहा बघू, ताठ. कोपरापर्यंत उंची मापून कट्टा बसवतो, म्हणजे कंबर दुखणार नाही तुझी."

भारती पदरानं डोळे पुसत भिंतीला टेकली.

"घ्या," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून एवढीच आहे मी."